कणकुंबीच्या छपरावरचं ताट

प्रश्न : वडगावात माझे दोन पॉवरलूम आहेत. मुलगी बेळगावात बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माणूस राहत नाही अशा डोंगरावरही हवेतून प्लॅस्टिक पडतं, असं वाचल्यापासून तिला तोच ध्यास लागलाय. पावसाळ्यात कणकुंबीला आजोळी जाऊन छपरावर स्टीलचं ताट ठेवून आली. कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली त्यात जांभळे धागे दिसले तर नाचायलाच लागली. त्या आठवड्यात आमच्या मागावरही जांभळीच साडी होती! आम्ही बी.एड. म्हणतोय. हे करिअर आहे की खूळ?

उत्तर : जांभळ्या साडीचं तुम्ही गमतीनं लिहिलंत, पण या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न तोच आहे. धागा आभाळातून आला की पोरीच्या ओढणीवरून?

खूळ नक्कीच नाही. फ्रान्समधल्या पिरेनीज डोंगरात, जवळचं गाव सहा किलोमीटरवर अशा जागी, पाच महिने असंच भांडं ठेवलं होतं. चौरस मीटरभर जागेत दिवसाला सरासरी ३६५ कण पडत होते, आणि ते ९५ किलोमीटरवरूनही वाऱ्यानं आले असावेत असा हिशेब २०१९ साली छापून आला. अंटार्क्टिकात तर न्यूझीलंडच्या एका विद्यार्थिनीनं १९ ठिकाणचं ताजं बर्फ गोळा केलं. एकही ठिकाण कोरं निघालं नाही. वितळलेल्या बर्फात लिटरमागे सरासरी २९ कण, आणि सगळ्यात जास्त पीईटी, म्हणजे बाटल्यांचं आणि पॉलिस्टर कपड्यांचं प्लॅस्टिक.

मात्र ‘मायक्रोप्लॅस्टिक’ असं नाव लावलेले कोर्स शोधत बसू नका. विषयांची हवा बदलते, यंत्र हाताळायचं कसब राहतं. तिनं एम.एस्सी. ॲनालिटिकल केमिस्ट्री किंवा पर्यावरणशास्त्रात करावी, आणि एफटीआयआर व रामन ही यंत्रं स्वतः चालवायला शिकावीत. कण कसल्या प्लॅस्टिकचा आहे ते हीच सांगतात. तोच हात पाणी, औषधं, अन्न, पॅकिंग तपासणाऱ्या लॅबमध्ये पगार देतो. आयआयटीसारख्या संस्थांत एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी ‘जॅम’ ही परीक्षा द्यावी. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ जवळच आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी काही सवलत लागू होते का, ते तिथं आधीच विचारून घ्या. पुढे सीएसआयआर-नेट या परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये. हवेकडेच जायचं असेल तर पुण्याची आयआयटीएम ही हवामान संशोधनाची संस्था आहे, तिची महाबळेश्वरला ढगांचीच प्रयोगशाळा आहे. ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र तर घाट उतरला की वास्कोत.

आणि हो, कन्नड पक्कं करायला सांगा. इथल्या सरकारी नोकरीत त्याशिवाय पान हलत नाही. ‘आपण मराठी, आपल्याला काय करायचंय’ म्हणणारी पोरं मी मुलाखतीला अडलेली पाहिली आहेत. बी.एड. नंतरही करता येतं, त्याची घाई नको.

आता ताटाचं. कणकुंबीची जागा तिनं फार हुशारीनं निवडली आहे. पावसाळ्यात तिथं थेट समुद्राकडचा वारा येतो, आणि फुटणाऱ्या लाटांच्या तुषारांतूनही असे कण हवेत उडतात. पण पुढच्या खेपेला तिनं सुती कपडे घालून जावं, तेही मागाच्या खोलीत न वाळवलेले. शेजारी दुसरं ताट ठेवावं, झाकलेलं, आणि ते पहिल्यासारखंच गाळलेल्या पाण्यानं धुऊन तपासावं. त्यातही जांभळा धागा निघाला तर समजायचं, घरचाच. मायक्रोस्कोपखाली तापलेली सुई टेकवली की पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं. सूत तसं करत नाही. याला खर्च काहीच नाही.

एक काम तुमचंही. मागावर रंग बदलला की त्या धाग्याचा वीतभर तुकडा कागदी पाकिटात घाला, वर तारीख टाका आणि तिच्याकडे द्या. जांभळ्यापासून सुरुवात करा, तो अजून बॉबिनवर असेल.