बिनतारीतली तार कोणती?

शिवोलीच्या एका वाचकाचा प्रश्न : 'पोलिसांच्या बातमीत "बिनतारी संदेश" वाचले. आमच्याकडे तारी म्हणजे होडीवाला. मग बिनतारी म्हणजे तारी नसलेला की काय? आणि मोबाइललाही बिनतारी म्हणावे का?'

होडीवाल्याचा इथे संबंध नाही. गोव्यातली 'तार', म्हणजे नदी ओलांडायची जागा, 'तरून जाणे' या अर्थाच्या संस्कृत 'तृ'पासूनची. बिनतारीतली तार फारसी, सतारीत आहे तीच. बिन + तार + ई; बिनव्याजी कर्ज, बिनपगारी रजा तसे. (जुन्या कागदपत्रांत 'अमुक बिन तमुक' असते तो बिन अरबी, 'चा मुलगा' या अर्थाचा.)

बंगालीत याला 'बेतार' म्हणतात आणि रेडिओलाही तेच. मराठीने मात्र वाटणी केली. तंत्र म्हणून रेडिओही तारेवाचूनच चालतो, पण नभोवाणी म्हणजे एकाने बोलायचे, सर्वांनी ऐकायचे. बिनतारी म्हणजे ठरलेल्या टोकांमधला निरोप. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ या काळात गोव्याच्या सीमेलगतच्या रानातून चालवलेले 'व्हॉइस ऑफ फ्रीडम' हे गुप्त नभोवाणी केंद्र. १८ डिसेंबर १९६१ रोजी हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीत मारा केला तो मात्र बिनतारी केंद्रावर. तिथे 'नभोवाणी' लिहिले तर वाचकाला गाणी-बातम्यांचे स्टेशन वाटेल.

मोबाइलचे म्हणाल तर हातातल्या फोनपासून टॉवरपर्यंतचा टप्पा तेवढा बिनतारी. पुढे बोलणे बहुतेकदा केबलमधूनच जाते. तरी मोबाइलला कुणी बिनतारी म्हणत नाही. 'बिनतारी चार्जर' व्याकरणाने बरोबर आहे, पण म्हापशाच्या दुकानात मागून बघा, दुकानदार दोनदा विचारील. माझ्या मते कारण असे : चार्जरला आपण तार कधी म्हटलीच नाही, म्हटली ती वायर. वायर गेली, वायरलेस आले. बिनतारीच्या मनात आहे ती तारखात्याची तार. ती सेवा २०१३ मध्ये बंद झाली, शब्द पोलिसांकडे आणि जहाजांवर टिकला.

बिनतारी मुळात विशेषण : बिनतारी यंत्रणा, बिनतारी संदेश. खात्यातली माणसे 'बिनतारीवरून कळवले' असे नामासारखेही वापरतात, ते खुशाल चालू द्यावे. कुंपणाला तार नसेल तर मात्र 'बिनतारेचे कुंपण' म्हणा; 'बिनतारी कुंपण' म्हटले तर ते कुणाला निरोप पाठवते, असे लोक विचारतील.