कॉम्प्युटरचा जुना फॅन कॅबिनेटबाहेर, राउटरमागे चालवायचा आहे. 12 व्होल्ट 2 अँपिअरचा अडॅप्टर लावला तर फॅन जळेल का? आणि चार वायरींपैकी कोणत्या जोडायच्या?

अडॅप्टर खुशाल लावा, फॅन जळणार नाही. वायरी मात्र नुसत्या रंगावर भरवसा ठेवून जोडू नका. तिथेच बहुतेकांचा घोळ होतो.

आधी फॅनच्या मधल्या गोल भागावरचं स्टिकर वाचा. पीसीच्या 120 मिलिमीटरच्या साध्या फॅनवर ‘डीसी 12 व्होल्ट, 0.18 अँपिअर’ असं काहीतरी छापलेलं असतं. अँपिअरचा आकडा साधारण 0.1 ते 0.3च्या मधे. हे वाचायला सांगतोय त्याला कारण आहे. भंगारातून किंवा लॅमिंग्टन रोडच्या, नाहीतर पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून आणलेल्या फॅनमध्ये त्याच आकाराचे 24 आणि 48 व्होल्टचेही निघतात. स्टॅबिलायझर आणि पॅनेलमध्ये बसवतात ते धातूच्या चौकटीचे, जाडजूड फॅन तर थेट 230 व्होल्ट एसीवर चालतात. लांबून सगळे सारखेच दिसतात. तुमचा पीसीतून काढलेला आहे म्हणजे बहुधा 12 व्होल्टचाच, तरी एकदा बघाच.

आता अँपिअरचं. अडॅप्टरवर 2 अँपिअर लिहिलंय म्हणजे तो जास्तीत जास्त तेवढा करंट देऊ शकतो. तो फॅनमध्ये ढकलत नाही. फॅन आपल्याला लागतो तेवढाच ओढतो. गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे म्हणून नळाखालचा तांब्या फुटत नाही. जुळायला हवेत ते व्होल्ट. अँपिअर फॅनच्या गरजेइतके किंवा जास्त, कितीही चालतील.

अडॅप्टर निवडताना आउटपुटसमोर डीसीची खूण आहे ना ते बघा: एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ. हातात घेतल्यावर वजनदार लागणारे जुने ट्रान्सफॉर्मरवाले अडॅप्टर टाळा. त्यातले बरेच रेग्युलेटेड नसतात. लिहिलेलं असतं 12, पण एवढ्याशा लोडवर 15-16 व्होल्टसुद्धा देतात. बंद पडलेल्या राउटरचा, सेट-टॉप बॉक्सचा किंवा सीसीटीव्हीचा हलका अडॅप्टर या कामाला उत्तम.

वायरींकडे येऊ. दोन वायरींचा फॅन असेल तर प्रश्नच नाही: लाल प्लस, काळी मायनस. तीन वायरींच्या फॅनमध्ये तिसरी वायर वेग कळवणारी असते. फॅन एका फेऱ्यात तिच्यावर दोन पल्स देतो आणि मदरबोर्ड त्या मोजून आरपीएम दाखवतो. चौथी असेल तर ती पीडब्ल्यूएमची, म्हणजे मदरबोर्डकडून वेगाचा हुकूम घेणारी. बाहेर चालवताना तिसरी आणि चौथी दोन्ही मोकळ्या सोडायच्या. चौथीवर सिग्नल नसला की फॅन आपोआप पूर्ण वेगाने फिरतो.

गोम पिवळ्या वायरीत आहे. काळी-लाल-पिवळी असा तीन वायरींचा संच असेल तर लाल प्लस आणि पिवळी वेगाची. काळी-पिवळी-हिरवी-निळी असा चार वायरींचा संच असेल तर तिथे पिवळीच 12 व्होल्ट! काही फॅनच्या तर सगळ्याच वायरी काळ्या असतात. म्हणून रंगापेक्षा कनेक्टरमधली जागा धरून चाला. क्रम ठरलेला आहे: पहिली मायनस, दुसरी प्लस 12, तिसरी वेग, चौथी पीडब्ल्यूएम. तीन पिनांच्या कनेक्टरमध्ये मधली नेहमी प्लस. चार पिनांच्या कनेक्टरवर बाजूला दोन उभ्या कडा असतात. त्यांच्या बाहेर, टोकाला एकटी पडलेली पिन चौथी, आणि तिच्या विरुद्ध टोकाची पहिली. प्लस-मायनस उलटे लागले तर बरेचसे फॅन नुसते गप्प बसतात, पण प्रत्येक फॅनमध्ये ते संरक्षण असेलच असं नाही. अडॅप्टरच्या पिनेवर कुठे प्लस आहे ते मल्टीमीटरने बघून घ्या. बहुतेक वेळा आतला भाग प्लस असतो.

जोडायला सोल्डरिंगही लागत नाही. सीसीटीव्हीच्या दुकानात स्क्रूवाली डीसी पिन मिळते, तिच्यावर प्लस-मायनस छापलेलं असतं. अडॅप्टरची पिन आत जाईल अशी, म्हणजे फिमेल, मागून घ्या. फॅनच्या दोन वायरी सोलून स्क्रूखाली आवळल्या की झालं. उरलेल्या वायरींची टोकं वेगवेगळी टेपने गुंडाळा, एकमेकींना जोडू नका. फॅनला आरजीबी लाइटची वेगळी वायर असेल तर तिला हात लावू नका. त्यातले बरेच लाइट 5 व्होल्टचे असतात आणि 12 दिले की जातात.

राउटरही 12 व्होल्टचाच असेल तर आणखी सोपा मार्ग आहे. सीसीटीव्हीवाले वापरतात तो एकाचे दोन करणारा स्प्लिटर आणा आणि दोन्ही त्याच 2 अँपिअरच्या अडॅप्टरवर चालवा. राउटरच्या तळाशी लिहिलेले अँपिअर अधिक फॅनचे अँपिअर, ही बेरीज 2च्या आत बसली पाहिजे. एकाच बटणावर दोन्ही चालू-बंद होतात, मला हीच पद्धत आवडते.

मोबाइल चार्जरवर थेट? 5 व्होल्टवर काही 12 व्होल्टचे फॅन सावकाश फिरतात, काही नुसते थरथरतात, काहींना बोटाने ढकलावं लागतं. तुमचा फॅन स्वतःहून सुरू होत असेल तर राउटरला तेवढा वारा पुरतो. लोडशेडिंगमध्ये राउटर पॉवर बँकवर चालवायची 5चे 12 व्होल्ट करणारी केबल मिळते, तीही चालेल. फक्त ती चार्जरला लावा, लॅपटॉपच्या पोर्टला नको: 0.18 अँपिअरचा फॅन 12 व्होल्टवर सव्वादोन वॅटच्या आसपास घेतो, वर केबलमध्ये थोडं वाया जातं, आणि यूएसबी 2 पोर्टची मर्यादाच अडीच वॅट आहे.

जुन्या एसएमपीएसची, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या डब्याची, हिरवी आणि काळी वायर जोडून तो चालू करण्याची युक्ती खरी आहे, पण दोन वॅटच्या फॅनसाठी ते धूड टेबलावर कोण ठेवणार? आणि त्याचा डबा उघडायचा तर अजिबात नाही, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतात.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी जाणवेल, ती म्हणजे आवाज. कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड फॅनला हळू ठेवत होता, इथे तो पूर्ण 12 व्होल्टवर सुटेल. 9 व्होल्टचा अडॅप्टर लावून बघा, आवाजात लगेच फरक पडतो. किंवा बाजारात स्वस्तात मिळणारं व्होल्ट कमी करणारं एलएम2596चं मॉड्यूल घ्या, त्याचा स्क्रू फिरवून आउटपुट 7-8 व्होल्टवर आणा आणि मल्टीमीटरने खात्री झाल्यावरच फॅन जोडा. एलईडी पट्टीचा डिमर वापरू नका. तो सप्लाय तोडून तोडून देतो आणि फॅन कुंईऽऽ करत राहतो.

लावताना दिशा बघा. स्टिकर आणि त्याला धरणाऱ्या काड्या ज्या बाजूला असतात, त्या बाजूने वारा बाहेर पडतो. ती बाजू राउटरच्या छिद्रांकडे करा, मधे दोन बोटं अंतर ठेवा आणि घरात लहान मूल असेल तर दोन्हीकडून जाळी बसवा. पण राउटर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात असेल तर आधी त्याला बाहेर काढा. कोंडलेली गरम हवाच फिरवत बसण्यात काही हशील नाही, आणि बाहेर काढल्यावर कदाचित फॅनची गरजच उरणार नाही.