सात अंश डेडराइज, एक अंश ट्रिम, तीन नॉट

तुमचा प्रश्न असा की साडेसहा मीटरच्या दोन बोटी समोर आहेत, एकीचा ट्रान्समपाशी (बोटीची मागची उभी भिंत) डेडराइज, म्हणजे तळ मधल्या कण्यापासून बाजूंकडे व्हीसारखा वर चढतो तो कोन, १४ अंश आणि दुसरीचा २१. लाटांत कमी कोणती आपटेल, आणि पैसे मोजण्याआधी हे पारखायचं कसं? २१ वाली मऊ चालणार हे तुम्ही धरूनच चालला आहात. बरेचदा तसंच होतं, पण त्या आकड्यावर इतका भार टाकू नका.

डॅनियल सॅवित्स्की या अभियंत्याने १९६४ साली प्लेनिंग हलचं, म्हणजे वेगात पाण्यावर उचलून घसरत चालणाऱ्या (‘प्लेनवर’ असणाऱ्या) बोटीच्या तळाचं गणित मांडलं, ते आजही वापरात आहे. पुढे १९७६ साली त्याने ब्राउनसोबत लाटांतल्या धक्क्यांसाठी एक सूत्र दिलं. त्यात बाकी सगळं तेच ठेवून फक्त डेडराइज १४ वरून २१ केला, तर सरासरी धक्का साधारण १९ टक्के उतरतो. आता त्याच सूत्रात डेडराइजला हात न लावता बोटीचा चालता ट्रिम, म्हणजे नाळ (बोटीचं पुढचं टोक) किती वर उचललेली आहे तो कोन, ५ अंशांवरून ४ वर आणा. धक्का २० टक्के उतरतो. किंवा वेग ३० नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) २७ करा, पुन्हा १९ टक्केच, कारण वेगाचा वर्ग लागतो. म्हणजे जाहिरातीत ज्या सात अंशांचा एवढा गाजावाजा, तेवढं काम ट्रिम टॅबचं (ट्रान्समवरच्या, नाळ खाली दाबणाऱ्या हलत्या पट्ट्यांचं) बटण किंवा थ्रॉटलवरचा हात करतो.

शिवाय बाकी सगळं तेच राहत नाही. खोल व्हीला, म्हणजे जास्त डेडराइजच्या तळाला, त्याच वजनासाठी उचल कमी मिळते, त्यामुळे ती थोडी जास्त नाळ वर करून चालते आणि कमावलेल्यातलं थोडं तिथेच गमावते. प्लेनवर यायलाही तिला जास्त ताकद लागते आणि उभी असताना ती जास्त डोलते. आणखी एक, ट्रान्समपाशी मोजलेला कोन हा सगळ्यात मागचा कोन. लाट फुटते ती मधल्या आणि पुढच्या भागावर. तेव्हा बोट ट्रेलरवर असताना खाली वाकून मधल्या भागाचा उतार बघा, आणि दोन चाइनमधली (तळ आणि बाजू मिळतात त्या कडांमधली) रुंदीही मोजा. रुंद तळ लाटेवर जास्त आपटतो, हे कुणी छापत नाही.

वजनाचंही तसंच. त्याच सूत्रात वजन सव्वापट झालं की धक्का पाचव्या हिश्शाने कमी होतो. चाचणीला विक्रेता आणि तुम्ही असे दोघेच, टाकी पाव भरलेली, अशा वेळी बोट पळेल झकास आणि आपटेलही जास्त. उलट संध्याकाळी शांत पाण्यावर नेलं तर काहीच कळणार नाही. तुम्ही नेहमी जितकी माणसं आणि सामान नेता तितकं भरून, निदान अर्धा मीटर लाट असताना चाचणी मागा. ‘आज हवा बरी नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्याच हवेत जाऊ म्हणा. (वादळात जा असं म्हणत नाहीये, उगाच शब्दात पकडू नका.)

पाण्यावर गेल्यावर आधी प्लेनवर येणं बघा. थ्रॉटल दिल्यावर नाळ किती वर जाते, समोरचं दिसणं किती वेळ बंद होतं, आणि मग वेग हळूहळू उतरवत नेला तर कुठल्या वेगाला बोट प्लेन सोडते. हा शेवटचा आकडा कमाल वेगापेक्षा मोलाचा, कारण खवळलेल्या पाण्यात तुम्ही ४० नॉटने जाणारच नाही. १४ नॉटवरही प्लेन धरून राहणारी बोट तुम्हाला घरी आणते. १९ वर सोडणारी बोट एकतर आपटवते, नाहीतर शेतातल्या नांगरासारखी पाणी ढकलत नेते.

वेग जीपीएसवर, जाताना आणि येताना दोन्हीकडून घ्या आणि सरासरी काढा, प्रवाहाचं गणित त्यात सुटतं. प्रॉपेलर बरोबर आहे का तेही तपासा. १७ इंच पिच (एका फेऱ्यात प्रॉपेलरने कापायचं अंतर), इंजिनाचे मिनिटाला ५६०० फेरे, गिअर २:१ असेल तर घसरण (त्या अंतरातला वाया जाणारा भाग) शून्य धरून वेग ३९ नॉटच्या आसपास येतो. जीपीएस ३४ दाखवत असेल तर घसरण १३ टक्के, ठीक आहे. २५ टक्के आली तर हलला दोष देण्याआधी प्रॉपेलर बदलून बघा.

धक्का मोजायला फोनचं अॅक्सेलरोमीटर अॅप चालतं, पण फोन डेकवर घट्ट बांधा, कन्सोलवर, म्हणजे सुकाणूच्या चौथऱ्यावर, ठेवलात तर इंजिनाची थरथरच मोजाल. १० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १० कंपनांच्या, वरचं गाळून टाका. आणि सरासरीवर भाळू नका. प्लेनिंग बोटीच्या धक्क्यांची जी वाटणी सहसा धरतात, तिच्यात सगळ्यात मोठ्या एक-दशांश धक्क्यांची सरासरी ही एकूण सरासरीच्या ३.३ पट येते. सरासरी अर्धा जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) असली तरी कंबर लक्षात ठेवते ते दीड-पावणेदोन जीचे धक्के. फोन नसेल तर पुढच्या बाकावर बसा. मागे, ट्रान्समजवळ कुठलीही बोट मऊच वाटते.

एक आमचंच उदाहरण. मागच्या बाकाखाली दुसरी बॅटरी आणि बर्फाची मोठी पेटी ठेवली, आणि २४ नॉटला बोट डोकं हलवायला लागली, वर-खाली, वर-खाली, लाट नसताना. त्याला पॉर्पॉइजिंग म्हणतात. आम्ही दोन आठवडे हलच्या बांधणीला शिव्या घातल्या. नंतर बॅटरी कन्सोलखाली आणली, पेटी पुढे सरकवली, इंजिन जरा आत ट्रिम केलं (त्याचा खालचा भाग ट्रान्समकडे घेतला) आणि सगळं थांबलं. भार मागे गेला की ट्रिम वाढतो, ट्रिम वाढला की बोट आधी आपटते आणि मग डुचमळते.

मात्र नाळ खाली दाबण्यालाही मर्यादा आहे. लाटा मागून येत असतील तर टॅब वर घ्या. नाहीतर नाळ पुढच्या लाटेत रुतते आणि बोट आडवी फिरू पाहते. दोन्ही बोटी त्या दिशेनेही चालवून बघा, समोरच्या लाटांवर छान वाटलेली बोट तिथे हातातून सुटू शकते.

मी तुमच्या जागी असतो तर दोन्हीकडे आधी एकच विचारलं असतं, टाकी आणि बॅटरी कुठे आहेत. दोन्ही बोटींचं भरलेलं वजन आणि ट्रान्समपासून टाकीचं अंतर इथे लिहा, बाकीचं गणित मी करून देतो.