वडिलांची जुनी काळी सायकल भंगारात द्यावी की तीच रोज ऑफिसला वापरावी?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची चोवीस इंची (हे माप सांगाड्याचं, चाकाचं नव्हे) काळी सायकल गॅलरीत बारा वर्षं उभी आहे, ऑफिस सात किलोमीटरवर आहे, आणि घरचे म्हणताहेत की ती भंगारवाल्याला देऊन गिअरची नवी घे.

देऊ नका. तीच दुरुस्त करा. मी गेली सहा वर्षं पुण्यात बिबवेवाडी ते शिवाजीनगर अशाच सायकलवर जातोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मीही नवी घेतली होती. जाड टायर, पुढे-मागे शॉकअप, एकवीस गिअर. दुकानात फार आवडली. जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि ऑफिसात पोचलो तेव्हा शर्टाच्या पाठीवर कंबरेपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा होता, कारण मडगार्ड नव्हतं. कॅरिअर नसल्यामुळे डबा आणि लॅपटॉप पाठीवर, आणि पाठ कायम घामाने भिजलेली. चेनकव्हर नसल्याने दोन पँटींना ग्रीसचे डाग पडले, ते गेले नाहीत. चढावर पायडल दाबलं की मागचा शॉकअप खाली बसायचा आणि निम्मा जोर त्यातच जायचा. डोंगरातल्या पायवाटेसाठी ती सायकल चांगलीच असेल, पण रोज ऑफिसला जाणाऱ्याला लागतं ते नेमकं तिच्यात नव्हतं. तुमच्या वडिलांच्या सायकलला हे सगळं आधीपासूनच आहे: मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, दोन पायांचा स्टँड आणि बहुतेक डायनॅमोसुद्धा.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी ते पेठेतून निघत आणि जुन्या मुंबई रस्त्याला लागेपर्यंत त्यांच्या पुढेमागे सायकलींची रांग झालेली असे. तेव्हा पुण्याला सायकलींचं शहर म्हणत ते यांच्यामुळे. शर्यतीतला त्यांच्यात कोणी नव्हता. कामावर जाणारी माणसं होती ती, कॅरिअरला डबा, हँडलला पिशवी, आणि रविवारी पुढच्या दांडीवर मी. सायकलला तेव्हा कर भरावा लागे आणि भरल्याचा पत्र्याचा बिल्ला मिळे. आमच्या सायकलवर तो अजून आहे. तुमच्याही सायकलवर असेल तर रंग देताना काढू देऊ नका.

आता गिअरचं. साध्या सायकलला गिअर नसतो असं म्हणतात, पण तिला एक गिअर असतो आणि तो बदलता येतो. माझ्या सायकलला पुढच्या चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्या चाकाच्या दातेरी चक्राला, म्हणजे फ्रीव्हीलला, १८ होते. ४४ भागिले १८ म्हणजे पायडलच्या एका फेरीत मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. अठ्ठावीस इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे एका फेरीत साडेपाच मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या, जो अगदी निवांत वेग आहे, धरल्या तर ताशी साडेएकोणीस किलोमीटर होतात. सात किलोमीटरला एकवीस-बावीस मिनिटं लागतील, सिग्नलची पाच-सात वेगळी. संध्याकाळी स्वारगेटनंतर बिबवेवाडीपर्यंत मला चढ आहे, तो १८ दात्यांवर जड जायचा. मिस्त्रींनी २० दात्यांचं फ्रीव्हील बसवून दिलं. सपाटीवरचा वेग ताशी दोनेक किलोमीटरने कमी झाला, पण चढावर उतरून ढकलायची वेळ गेली. तुमच्या वाटेवर मोठा पूल किंवा टेकाड असेल तर २२ दात्यांचं मागा. एवढासा बदल, पण सायकल तुमच्या पायाची होते.

सुट्या भागांची काळजी करू नका. तुमची अॅटलस आहे असं फोटोवरून दिसतं. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनाला, आणि ती बातमी वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं. १९५१ पासूनची कंपनी होती ती. पण या काळ्या सायकली कोणत्याही कंपनीच्या असोत, टायर, चेन, छर्रे (बेअरिंगमधल्या गोळ्या), कॉटर पिन (पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, पक्का धरणारी खीळ) यांची मापं बहुतेक सारखीच, त्यामुळे २८ × १½ चा टायर आजही गावोगावच्या दुकानात मिळतो.

सायकल मिस्त्रींकडे नेली की 'ओव्हरऑइलिंग (म्हणजे ओव्हरहॉलिंग) करा' एवढंच म्हणू नका. बारा वर्षांत हबमधलं (चाकाच्या मधल्या तुंब्यातलं) आणि हँडलच्या कपांमधलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं असणार. कप-कोन (छर्रे ज्यांच्यामध्ये फिरतात ते भाग) उघडून छर्रे नवे घालायला सांगा, ते स्वस्त असतात. टायर-ट्यूब दोन्ही नवे घ्या, भेगा पडलेल्या रबरावर विश्वास टाकू नका. वॉलट्यूबचे (व्हॉल्व्हवर चढवायच्या बारीक रबरी नळीचे) दोन-तीन तुकडे खिशात ठेवा, कारण या सायकलची हवा पंक्चरपेक्षा वॉलट्यूब कुजल्यामुळेच जास्त वेळा जाते आणि माणूस उगाच ट्यूब बदलत बसतो. चेन पट्टीने मोजा. अर्ध्या इंचाच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. आठवा भाग इंच जास्त भरल्या तर चेन ताणली गेलीय, बदला, नाहीतर ती दाते खाईल. पायडल मारताना दर फेरीला टक्क असा आवाज आला तर तो कॉटर पिनचा. वेळेवर ठोकून घट्ट केली तर ठीक, नाहीतर क्रँकचं भोक झिजतं. चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढायला सांगा आणि तो काढताना जवळ उभे राहा. एकेक स्पोक वाजवून आवाजावरून ताण ओळखणारे मिस्त्री आता कमी राहिलेत. तसा कोणी तुमच्या भागात सापडला तर त्याला धरून राहा, सांगेल ती मजुरी आनंदाने द्या. माझं टायर, ट्यूब, चेनसकट साडेतीन हजारांत झालं होतं.

एका बाबतीत मात्र मी तुम्हाला सावध करीन, ती म्हणजे ब्रेक. या सायकलींना सळ्यांचे ब्रेक असतात, रबर रिमला आतून दाबलं जातं. त्याचा फायदा असा की चाक थोडं डगमगलं तरी ब्रेक घासत नाही. पण निकेल चढवलेली लोखंडी रिम पावसात ओली झाली की रबर सरकतं आणि सायकल कोरड्या दिवसापेक्षा कितीतरी पुढे जाऊन थांबते. पहिल्या वर्षी एका चौकात मी रिक्षाच्या मागच्या हुडाला टेकलो होतो, लागलं नाही एवढंच. तेव्हापासून पावसात चौक दिसला की लांबूनच दोन-तीनदा ब्रेक हलका दाबून रिम पुसून घेतो आणि पायडल थांबवतो. पुलावरून उतरताना तर कोरड्यातसुद्धा वेग अंगावर येऊ देत नाही. रबरं दर पावसाळ्याआधी नवी घ्या.

रात्री डायनॅमो लावा, पण सिग्नलला थांबलं की त्याचा दिवा विझतो. म्हणून मागे बॅटरीचा लाल दिवा वेगळा हवाच.

नवी घ्यावी असं मी फक्त तीन बाबतींत म्हणेन. दांड्याला किंवा हँडलच्या मुळाशी तडा गेला असेल, तर ती रस्त्यावर आणू नका. रोज जिन्यावरून वर न्यायची असेल, तर वीस किलोच्या आसपासचं ओझं रोज उचलून तुम्ही महिन्याभरात सायकल सोडाल. आणि तिसरं, उभं राहून दोन्ही पाय जमिनीवर टेकवल्यावर मधली दांडी टोचत असेल, तर चोवीस इंची तुम्हाला मोठी आहे. तसं असेल तर बावीस इंची जुनी बघा, किंवा साधी हलकी नवी घ्या, पण मडगार्ड आणि कॅरिअर लावूनच दुकानातून बाहेर पडा.

बाकी सगळं झालं की शेवटी सीट. ती अजून वडिलांच्या मापावर असेल. भिंतीला हात टेकून बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे, वाकलेला राहिला तर सीट वर घ्या. जुन्या नळीत सीटचा खांब गंजून अडकलेला असतो, ओढू नका. आदल्या रात्री रॉकेल किंवा गंज सोडवायचं तेल सोडून ठेवा आणि सकाळी हलकेच डावी-उजवीकडे पिळत वर काढा.