बीपीची गोळी, अंगावरचं दूध आणि आईचं हृदय

प्रश्न : ३६व्या आठवड्यात बीपी १६०/११० झाला, लघवीतून प्रोटीन जाऊ लागलं, म्हणून सिझेरियन झालं. बाळ २० दिवसांचं आहे. लॅबेटॅलॉल चालू आहे. सासूबाई म्हणतात, बीपी गरोदरपणाचा होता, तो गेला. गोळी दुधात उतरते, बंद कर. काय करू? (वाचक, सातारा)

उत्तर : गोळी बंद करू नका आणि अंगावर पाजणंही. लॅबेटॅलॉल दुधात अगदी थोडं उतरतं. निफेडिपिन आणि एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्याही सहसा चालतात. मात्र एनालाप्रिल घेताना पुन्हा दिवस राहता कामा नयेत. अ‍ॅटेनोलॉल दुधात जास्त जातं, म्हणून ते टाळतात. गरोदरपणातलं मिथाइलडोपा प्रसूतीनंतर बदलतात, पण दुधामुळे नव्हे. त्यानं आईला नैराश्य येऊ शकतं म्हणून.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. वार पडली की आजार ओसरू लागतो. पण अंगात साठलेलं पाणी रक्तात परततं आणि तिसऱ्या ते सहाव्या दिवसादरम्यान बीपी उलट चढतो, म्हणजे नेमका घरी आल्यावर. सव्वा महिना पुरा होईपर्यंत सावध राहायचं. डोस कमी करायचा तो घरच्या नोंदी डॉक्टरांना दाखवून, टप्प्याटप्प्यानं.

नोंद सकाळ-संध्याकाळ घ्या, पण बाळ पदराखाली असताना नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं स्वस्थ बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला हवा. १ मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. दंडाला पट्टा लहान पडत असेल तर आकडा खोटाच जास्त येतो. १५०/१००च्या वर राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. १६०/११० आला तर १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढाच असेल तर थेट रुग्णालय गाठा. डोकं फुटल्यासारखं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली कळ यांपैकी काही असेल तर आकड्याची वाट पाहू नका.

आडवं झाल्यावर दम लागणं, रात्री खोकल्यानं जाग येणं हा ‘बाळंतपणाचा अशक्तपणा’ नव्हे. हृदयाचा स्नायू दुबळा झालेला असू शकतो. लगेच दाखवा, इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या.

प्रश्न : मलाही हाच त्रास झाला. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असताना वरच्या दुधाची सवय लागली. अंगावर पाजलं तर आईचं हृदय चांगलं राहतं, हे खरं का? (वाचक, नाशिक)

उत्तर : बऱ्याच अंशी. २०२२ साली आठ अभ्यासांतल्या सुमारे १२ लाख स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांनी कधीही अंगावर पाजलं होतं त्यांच्यात हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार ११ टक्के कमी आढळले. पण ही निरीक्षणं आहेत. पाजणाऱ्या बायकांची राहणीही वेगळी असू शकते. शिवाय प्रीएक्लॅम्प्सियानं, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून लघवीतून प्रोटीन जाण्याच्या या आजारानं, पुढे हृदयविकाराचा धोका जवळपास दुप्पट होतो. ११ टक्क्यांनी तो फिटत नाही. तीन महिन्यांनी बीपी आणि लघवीतलं प्रोटीन, पुढे दरवर्षी बीपी, साखर, वजन, अधूनमधून कोलेस्टेरॉल, हे पाजलं तरी करायचं आणि नाही पाजलं तरी.

दूध परत आणायचं तर स्तन रिकामे होत राहिले पाहिजेत : २४ तासांत ८ ते १० वेळा, त्यात रात्री एकदा तरी. आधी बाळाला छातीशी धरा, मग दोन्ही बाजूंना १५-१५ मिनिटं पंप. पहिले काही दिवस चमचाभरच येईल. तिथेच बहुतेक जणी सोडून देतात. वरचं दूध एकदम तोडू नका, बाळाचं वजन पाहत कमी करा. आणि पाजायचं नाही असंच ठरलं, तर दूध आटवण्याची गोळी मागण्याआधी बीपीचा इतिहास सांगा : कॅबर्गोलिन, ब्रोमोक्रिप्टिन अशा वेळी टाळतात.

प्रश्न : डिंकाचे लाडू, बाळंतकाढा चालेल का? (वाचक, मडगाव)

उत्तर : लाडू रोज एक पुरे. पाजणाऱ्या आईला ५००-६०० कॅलरी जास्त लागतात, पण तूप-गुळाचे तीन लाडू त्या एका बैठकीत भरून काढतात. लोणचं-पापड बाजूला ठेवा. काढ्याच्या बाटलीवरची यादी वाचा : ज्येष्ठमध असेल तर नको. त्यानं अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि बीपी चढतो.