‘मी केवळ जन्माच्या अपघाताने हिंदू’ असं नेहरू खरंच म्हणाले होते का? पुण्यात बसून हे तपासायचं कसं?

आधी सरळ उत्तर: तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय ते वाक्य, म्हणजे ‘शिक्षणाने मी इंग्रज, संस्कृतीने मुसलमान आणि केवळ जन्माच्या अपघाताने हिंदू’, नेहरूंच्या आत्मचरित्रात नाही. फॉरवर्डखाली ‘आत्मचरित्रातून’ एवढंच लिहिलेलं असतं. पान नाही, प्रकरण नाही. मी इथल्याच एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली. अवतरणचिन्हातला मजकूर दिसला की तो आला कुठून हे बघायची खोड तिथली.

वाक्याला पत्ता असतो. कुठे, कधी, कुणापुढे म्हटलं आणि टिपून कुणी ठेवलं? टिळकांचं ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ घ्या. ६ जुलै १८९७ च्या केसरीतल्या अग्रलेखाचं ते शीर्षक. पुढच्याच आठवड्यात, १३ जुलैला, ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’. ज्याला शंका असेल त्याने तो अंक काढून बघावा. वाद घालायला जागाच नाही.

नेहरूंच्या वाक्याला असा पत्ता आहे, पण तो दुसऱ्याच घरचा. १९५९ साली रफिक झकेरिया यांनी संपादित केलेला ‘अ स्टडी ऑफ नेहरू’ हा लेखसंग्रह निघाला. त्यात डॉ. ना. भा. खरे यांचा लेख आहे, ‘द अँग्री ॲरिस्टोक्रॅट’. इंग्रज, मुसलमान आणि अपघाताने हिंदू ही त्रिसूत्री छापील स्वरूपात तिथे सापडते. म्हणजे लेखणी खरे यांची. आता हे खरे कोण, हे कळल्याशिवाय गोष्टीला रंग चढत नाही. नागपूरचे डॉक्टर, काँग्रेसचे पुढारी, १९३७ च्या निवडणुकीनंतर मध्य प्रांत-वऱ्हाडचे पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत). वर्षभरातच मंत्रिमंडळाच्या फेररचनेवरून पक्षश्रेष्ठींशी बिनसलं आणि १९३८ मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. पुढे ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. अशा माणसाने नेहरूंची करून दिलेली ओळख कौतुकाची असणार नाही हे उघड आहे. टीका करायचा त्यांना पूर्ण हक्क होता. प्रश्न एवढाच, की विरोधकाच्या लेखातलं वाक्य आज नेहरूंच्या फोटोखाली, ‘मी’ लावून, त्यांच्याच तोंडी घातलं जातं.

अशी वाक्यं खपतात, कारण शेजारी काहीतरी अस्सल असतं. १९३६ च्या त्या आत्मचरित्रात, शेवटाकडे, नेहरूंनी स्वतःबद्दल लिहिलंय की आपण पूर्व आणि पश्चिम यांचं एक विचित्र मिश्रण झालो आहोत, सगळीकडेच उपरे, घरचे कुठेच नाही. हे वाचलेल्या माणसाला फॉरवर्डमधलं वाक्यही ‘नेहरू असं म्हणाले असतील बुवा’ वाटून जातं. वाटणं आणि असणं यातलं अंतर मोजायला मूळ पुस्तकच उघडावं लागतं. ते इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर स्कॅन स्वरूपात आहे आणि त्यात शब्द शोधता येतो. पूर्ण वाक्य टाकू नका. स्कॅनमध्ये ओळ तुटली, एखादं अक्षर चुकीचं उमटलं तर यंत्राला काही सापडत नाही. त्यातले दोन-तीन ठसठशीत इंग्रजी शब्द वेगवेगळे टाकून बघा. मग तेच गुगल बुक्सवर टाका आणि सर्वात जुना छापील उल्लेख कोणता ते पाहा. निम्म्या भानगडी या एका पायरीवर सुटतात.

कागदावरच बघायचं असेल तर तुम्ही पुण्यात आहात, रडायचं कारण नाही. बीएमसीसी रस्त्याजवळ गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय आहे, विद्यापीठात जयकर ग्रंथालय आहे. जाण्याआधी फोन करून बाहेरच्या वाचकाला बसू देतात का, कोणतं ओळखपत्र लागतं, हे विचारून घ्या. नेहरूंचे निवडक लेखन-भाषणांचे खंडच शंभर आहेत, पण प्रत्येकाला सूची असते. सूचीपासून सुरुवात करा.

भारतात इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणारा ब्रिटिश अधिकारी मेकॉले, त्याचं ते प्रसिद्ध ‘भाषण’ही याच जातीचं. भारतभर फिरलो, एकही भिकारी दिसला नाही, एकही चोर दिसला नाही, म्हणून यांचा कणा मोडू या. खाली पत्ता दिलेला असतो: २ फेब्रुवारी १८३५, ब्रिटिश संसद. त्या तारखेला मेकॉले कलकत्त्यात होता. त्या दिवशीचा त्याचा शिक्षणविषयक टिपणीचा कागद उपलब्ध आहे आणि त्यात हे नाही. त्यात आहे ते असं, की एका चांगल्या युरोपीय ग्रंथालयातली कपाटाची एक फळी भारत आणि अरबस्तानातल्या सगळ्या वाङ्मयाच्या तोडीची आहे. राग यायला एवढं पुरेसं नव्हतं का?

हयात नेत्यांच्या बाबतीत काम सोपं, पण घाण जास्त. क्लिप असेल तर पूर्ण भाषण शोधा. पक्षाच्या किंवा वाहिनीच्या यूट्यूबवर बहुधा असतंच. नेता ‘विरोधक म्हणतात की…’ अशी सुरुवात करतो आणि क्लिप कापणारा नेमकी तेवढीच सुरुवात छाटतो. वाहिनीच्या ब्रेकिंग न्यूजचा स्क्रीनशॉट असेल तर त्याच वाहिनीच्या त्या तारखेच्या बातम्या बघा. आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यावर विसंबू नका, हे मी डेस्कवरचा माणूस म्हणून सांगतो. दीड तासाच्या भाषणाचा आशय पाच शब्दांत बसवून त्याला एकेरी अवतरणचिन्ह लावणं हे आमचं रोजचं काम. आतल्या बातमीत ते वाक्य तसं नसतं. वर्षभराने मथळाच लोकांच्या लक्षात राहतो.

सभागृहातलं बोलणं असेल तर लोकसभेची कामकाजाची इतिवृत्तं १९५२ पासूनची ऑनलाइन आहेत. तिथे एक गोम आहे. अध्यक्ष नियम ३८० खाली आक्षेपार्ह शब्द कामकाजातून काढून टाकू शकतात, म्हणजे इतिवृत्तात नाही म्हणून बोललाच नाही असं होत नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशीची दोन-तीन वर्तमानपत्रं बघावीत, शक्यतो एकमेकांशी न पटणारी.

फॅक्टचेकच्या संकेतस्थळांबद्दल माझं मत: त्यांचा निकाल वाचू नका, त्यांनी मूळ पानाचा फोटो दिलाय का ते बघा. दिला असेल तर उत्तम. नसेल तर तेही एक फॉरवर्डच.

नेहरू खासगीत कुणाजवळ असं कधीच बोलले नसतील, हे मीच काय, कुणीच सिद्ध करू शकत नाही. पण ते सिद्ध करायची जबाबदारी तुमची नाही, मेसेज पाठवणाऱ्याची आहे. ग्रुपवर भांडू नका. एवढंच लिहा: ‘काका, आत्मचरित्राचं कोणतं पान? मला १९५९ च्या पुस्तकातल्या डॉ. खरे यांच्या लेखात सापडलं, आत्मचरित्रात नाही सापडलं.’ पान क्रमांक आलाच, तर इथे टाका, मी काढून बघतो.