पत्र्याच्या भागाचे ड्रॉइंग आणि पंचाचे आयुष्य : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या ब्रॅकेटसाठी ३०४ स्टेनलेसचा २ मिमी जाडीचा पत्रा वापरतो व त्यात २ मिमी व्यासाची चार भोके पाडतो. पंच (पत्र्यात दाबून भोक पाडणारी कठीण दांडी) सतत मोडतात. पंचासाठी अधिक चांगले स्टील घ्यावे का? (भोसरी)

उत्तर : स्टील बदलण्याआधी कृपया ड्रॉइंग पुन्हा पाहावे. भोक पाडायला लागणारा जोर हा भोकाचा परीघ, पत्र्याची जाडी आणि पत्र्याची कातर-ताकद (कातरले जाण्यास पत्रा करतो तो विरोध) यांच्या गुणाकाराइतका असतो. पण तो सारा जोर पंचाच्या छोट्याशा टोकाला पेलावा लागतो. भोकाचा व्यास पत्र्याच्या जाडीइतकाच असेल, तर टोकावरील दाब पत्र्याच्या कातर-ताकदीच्या चौपट होतो. साध्या मऊ पोलादासाठी ही ताकद दर चौरस मिमीला सुमारे ३५० न्यूटन धरली, तर दाब दर चौरस मिमीला १,४०० न्यूटन येतो आणि तो चांगला पंच सोसतो. स्टेनलेससाठी ५०० न्यूटन धरले, तर तोच दाब २,००० न्यूटनवर जातो. शिवाय स्टेनलेस पंचाला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे वर येतानाही पंचाला ओढ बसते, आणि बारीक पंच पुष्कळदा याच वेळी तुटतो.

भोक ३ मिमीचे केले, तर दाब एक तृतीयांशाने उतरून सुमारे १,३३० न्यूटन होतो, म्हणजे मऊ पोलादातील २ मिमीच्या भोकापेक्षाही कमी. म्हणून डिझायनरला आधी हे विचारावे, की त्या भोकातून नेमके काय जाणार आहे. नुसती वायर किंवा हवा जाणार असेल, तर २ मिमीचा आग्रह कशासाठी? माप खरोखरच बदलता येत नसेल, तर पंचाचे बारीक टोक शक्य तितके आखूड ठेवून वरचा भाग जाड करावा आणि टोकाला स्ट्रिपर प्लेटमध्ये (पंचावरून पत्रा सोडवणाऱ्या पाटीत) आधार द्यावा. नग थोडे असतील, तर ती भोके ड्रिलने पाडणेच शहाणपणाचे ठरेल.

प्रश्न : ग्राहकाच्या ड्रॉइंगवर ‘बर नको’ (म्हणजे कापलेल्या कडेवर उरणारा धारदार कंगोरा नको) एवढेच लिहिले आहे, म्हणून आम्ही क्लिअरन्स, म्हणजे पंच आणि त्याखालचा साचा (डाय) यांच्यातली फट, अगदी कमी ठेवतो. पण पंचाला वारंवार धार लावावी लागते. (सातपूर)

उत्तर : कारण तुम्ही स्वतःच सांगितले आहे. क्लिअरन्स फार कमी असला, की पंचाकडून आणि डायकडून निघालेल्या भेगा एकमेकींना मिळत नाहीत, पत्रा दुसऱ्यांदा कातरला जातो आणि पंचाच्या बाजू घासत राहतात. मऊ पोलादासाठी प्रत्येक बाजूला जाडीच्या ८ ते १० टक्के क्लिअरन्स ठेवल्यास धार बराच काळ टिकते. पंच-डायने कापलेल्या कडेला थोडी बर राहणारच. ड्रॉइंगवर ती कोणत्या बाजूला चालेल आणि किती उंच चालेल, हे ग्राहकाकडून लिहून घ्यावे. भाग पुढे वाकवायचा असेल, तर बर बेंडच्या आतल्या बाजूला यावी, कारण ती बाहेर राहिली तर ताणाखाली तिथूनच भेग पडते.

प्रश्न : ब्लँकचे (पत्र्यातून कापलेल्या सपाट तुकड्याचे) आतले कोपरे अगदी काटकोनात ठेवले तर चालतील का? (शिरोली)

उत्तर : शक्यतो ठेवू नयेत. निदान अर्ध्या जाडीइतकी त्रिज्या द्यावी. टोकदार कोपऱ्यावर पंचाची धार सर्वांत आधी झिजते किंवा तिचे कपचे उडतात.

प्रश्न : २ मिमीच्या पत्र्यावर ६ मिमीची फ्लँज (वाकवलेली कड) हवी आहे. वाकवताना ती घसरते आणि जवळची भोकेही लांबट होतात. (वाळूज)

उत्तर : प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवण्याच्या यंत्रावर) व्ही आकाराच्या खाचेच्या डायचे तोंड साधारणपणे जाडीच्या ८ पट, म्हणजे इथे १६ मिमी असते. बेंड पूर्ण होईपर्यंत पत्रा खाचेच्या दोन्ही खांद्यांवर (वरच्या कडांवर) टेकलेला राहायला हवा, म्हणून फ्लँज किमान ११ ते १२ मिमी लागते. अरुंद डाय घेऊन काम भागवता येईल, पण तोंड निम्मे केले की जोर जवळजवळ दुप्पट लागतो आणि डायचे खांदे लवकर झिजतात. फ्लँज १२ मिमीची करून घेणे, किंवा ती मोठी वाकवून नंतर छाटणे, हे दोनच मार्ग मला योग्य वाटतात; दुसऱ्यात एक ऑपरेशन वाढते. भोकाची कड बेंडपासून जाडीच्या अडीच पट आणि बेंडची आतली त्रिज्या यांच्या बेरजेइतकी दूर असावी. २ मिमी त्रिज्येसाठी हे अंतर ७ मिमी येते. तेवढी जागा नसेल, तर भोक वाकवल्यानंतर पाडावे.